उघडा बांबू, लिपलेला बांबू

२५ फेब्रुवारी २०२१. वर्क फ्रॉम होमचे दिवस, पुण्यातली भाड्याची खोली. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. चंद्रपूरहून मूलकडे जाताना चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीचं बांधकाम सुरू होतं. ती पेटली होती. बांबूपासून केवढी मोठी वास्तू उभी राहू शकते हे जगाला दाखवायला बांधलेली इमारत, आणि तिच्या जागी नुसत्या ज्वाळा.

ग्रुपवर पाच मिनिटांत निकाल लागला. ‘बांबूची बिल्डिंग, जळणार नाही तर काय?’ एकाने हसण्याचे इमोजी टाकले. शेवटी मामाचा मेसेज आला: ‘म्हणून म्हणतो, आता कुडाचं घर पाडाच.’

कुडाचं घर म्हणजे मूल तालुक्यातलं माझ्या आजीचं घर. ज्यांनी कुड पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सागाचे किंवा येनाचे खांब रोवायचे, त्यांच्यामध्ये बांबूच्या कमच्यांचा तट्टा बांधायचा आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण, तणस कालवून लिपायचं. वर बांबू-बल्ल्यांवर कवेलू. माझं अर्धं बालपण त्या घरात गेलं आहे. मामाचं नाव घरकुलाच्या यादीत आलं होतं, आणि नवं घर त्याच जागेवर बांधायचं म्हणजे जुनं पाडायला हवं होतं.

रात्री आजीला फोन केला. व्हिडिओ तिनेही पाहिला होता. म्हणाली, “बाबू, उघडा बांबू जळते. लिपलेला कुठं जळते?”

मी कोड लिहून पोट भरणारा माणूस. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सिमेंटच्या गोणीला हात लावला नव्हता. पण आजीचं वाक्य डोक्यातून जाईना. मग मी रात्री बसून शोधायला लागलो: बांबूचं फायर रेटिंग किती? मला वाटलं होतं, एक आकडा मिळेल आणि मामा-आजीचं भांडण मिटेल. आकडा मिळाला नाही. मिळाला तो आकडे कसे ठरले याचा इतिहास.

एक प्रश्न नाही, दोन

पहिली गोष्ट कळली ती ही, की ‘हे जळतं का?’ या आपल्या साध्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. पहिला: ही वस्तू स्वतः किती सहज पेटते आणि आग किती वेगाने पुढे नेते? दुसरा: भोवती आग असताना ही भिंत, हा खांब, हे दार किती वेळ टिकतं? पहिल्याला ज्वलनशीलता म्हणू, दुसऱ्याला आगरोधकता. दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या, मोजमापं वेगळी आणि उत्तरंही कधीकधी एकदम उलटी.

पहिल्या प्रश्नाची सगळ्यात गाजलेली चाचणी अमेरिकेतली. बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबमध्ये २८ नोव्हेंबर १९४२ ला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. सजावटीतून आग पळत सुटली होती. भिंतीवर, छतावर आपण काय चिकटवतो हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही. अंडररायटर्स लॅबोरेटरीजमधल्या स्टायनर नावाच्या अभियंत्याची पद्धत १९४४ मध्ये पुढे आली. सुमारे सव्वासात मीटर लांबीचा बोगदा, त्याच्या छताला तपासायचा माल, एका टोकाला ज्योत. दहा मिनिटांत आग किती पुढे सरकली ते बघायचं. मोजपट्टी अशी, की सिमेंटच्या तक्त्याला शून्य आणि रेड ओक या तिकडच्या झाडाच्या लाकडाला शंभर. बाकी सगळ्यांनी या दोघांच्या हिशेबात आपली जागा शोधायची.

हे वाचून मी थोडा वेळ थांबलो. सॉफ्टवेअरमध्येही आपण असंच करतो, हाताशी असलेली एखादी गोष्ट बेसलाइन धरतो आणि बाकीचं जग तिच्याशी ताडून पाहतो. बेसलाइन आलापल्लीचा सागवान असता, तर आकडे वेगळे दिसले असते. लाकडाचा स्वभाव मात्र बदलला नसता.

दुसऱ्या प्रश्नाची चाचणी भट्टीत होते. इथे सुटा तुकडा चालत नाही, पूर्ण भिंत किंवा पूर्ण खांब बांधून भट्टीला लावावा लागतो. भट्टीचं तापमान ठरलेल्या रेषेने चढवतात: पाच मिनिटांत सुमारे ५७६ अंश सेल्सिअस, अर्ध्या तासात ८४२, तासाला ९४५. मग तीन गोष्टी बघतात. वजन पेलतंय का? भेगेतून ज्वाळा पलीकडे येते का? आणि पलीकडची बाजू ठरावीक मर्यादेपलीकडे तापते का? जितका वेळ हे सगळं निभावतं तितकं रेटिंग: अर्धा तास, एक तास, दोन तास, चार तास. भारतात आयएस ३८०९ हे मानक याच जातीचं. वस्तू अदाह्य आहे की नाही हे ठरवायला आयएस ३८०८ वेगळं आहे. त्यात छोटा नमुना ७५० अंशांच्या भट्टीत टाकून बघतात.

लक्षात घ्या, दुसरी चाचणी बांबूला रेटिंग देतच नाही. ती ‘भिंतीला’ रेटिंग देते. भिंत कशाची, किती जाड, कशाने लिपलेली, सांधे कसे भरलेले, या सगळ्याचं मिळून एक उत्तर येतं. आजीने फोनवर एका वाक्यात जे सांगितलं ते हेच होतं.

आगीनंतरचे कायदे

बांधकामाचे नियम बहुतेक वेळा राखेवर लिहिले जातात. १६६६ मध्ये लंडन जळलं आणि १६६७ च्या कायद्याने घरांच्या बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्याच हव्यात असं ठरलं. आपल्याकडे १७ फेब्रुवारी १८०३ ला मुंबईच्या कोटात आग लागली आणि कोटाचा सुमारे एक तृतीयांश भाग गेला. त्यानंतर वस्ती कोटाबाहेर हलवण्याला जोर आला.

पुण्यात तर रोज पुरावा दिसतो. शनिवारवाडा १७३२ मध्ये बांधून झाला, त्यासाठी जुन्नरच्या जंगलातला सागवान आणला होता असं सांगतात. १८२८ च्या आगीनंतर उरले ते दगडी जोते, तट आणि दरवाजे. वरचे लाकडी मजले गेले. ऑफिसच्या वाटेवर ते जोतं मी कितीदा पाहिलं असेल. पाहणाऱ्याच्या मनात आपोआप धडा उमटतो: दगड चांगला, लाकूड वाईट.

पण हा धडा अर्धाच खरा आहे. जाड लाकूड जळताना वर कोळशाचा थर धरतं, आणि तो थर आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. युरोपीय मानकात कठीण लाकडासाठी हा कोळसा होण्याचा वेग मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर धरतात. आता हिशेब करा. आजीच्या घरातला मधला खांब आठ इंची, म्हणजे २०० मिलिमीटरचा. चारही बाजूंनी तासभर आग लागली तर प्रत्येक बाजूने ३० मिलिमीटर जाईल. मध्ये १४० बाय १४० चा गाभा उरेल, म्हणजे जवळपास निम्मं लाकूड शाबूत. दोन तासांनी ८० बाय ८० उरेल, म्हणजे सोळा टक्के. आग त्याहून लांबली तर शनिवारवाडा होतो.

उलट उघडं लोखंड पेटत नाही, पण साधारण ५५० ते ६०० अंशांला त्याची निम्मी ताकद जाते आणि ते वाकतं. म्हणजे पहिल्या प्रश्नात लोखंड पास, सागवान नापास. दुसऱ्या प्रश्नात उघड्या लोखंडी खांबापेक्षा जाड सागवान जास्त वेळ उभा राहू शकतो. सागवानाला आपल्या जिल्ह्यात मान कमी नाहीच. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठीचं सागवान बल्लारपुरातून पूजा करून, मिरवणूक काढून पाठवलं गेलं. तेव्हा ‘लाकूड आहे, जळेल’ असं कुणी म्हटलं नाही.

बांबूचं दुखणं वेगळं. तो पोकळ असतो. भिंतीची जाडी जेमतेम सेंटिमीटरभर. हाच अर्ध्या मिलिमीटरचा वेग धरला तरी एका बाजूने वीस मिनिटांत आणि दोन्ही बाजूंनी दहा मिनिटांत खेळ संपला. कोळशाच्या थराआड लपायला आत गाभाच नाही. शिवाय पेरांमध्ये कोंडलेली हवा तापून बांबू फुटतो आणि चिरफळ्यांना आग लागायला अजून जागा मिळते. उघड्या बांबूची मोठी इमारत उभारायची तर हे आधीच गृहीत धरावं लागतं.

चुलीवरची प्रयोगशाळा

दिवाळीला गावी गेलो तेव्हा आजीच्या चुलीवर तीन तुकडे ठेवून पाहिले. एक सुका उघडा बांबू, एक सागाचा ओंडका, आणि एक हातभर तट्टा, जो आजीने दोन्ही बाजूंनी बोटभर लिपून चार दिवस उन्हात वाळवला होता. फोनवर स्टॉपवॉच लावलं. मामा खाटेवर बसून बघत होता, “आयटीवाल्यांना हेच काम राहिलं का,” म्हणून.

बांबू दोन मिनिटांत फटकन फुटला आणि धडधडून पेटला. सागाचा ओंडका धुमसत, काळा पडत राहिला. लिपलेल्या तट्ट्याला मातीच्या भेगा गेल्या, कडेने वाफ निघाली, पण वीस मिनिटांनी काढून फोडला तेव्हा आतल्या कमच्या बहुतेक पिवळ्याच होत्या. एका कोपऱ्याची माती आधीच निसटली होती. तिथल्या कमच्या मात्र कोळसा झाल्या होत्या.

ही काही आयएस ३८०९ ची भट्टी नाही, हे मला कळतं. चुलीवर भार पेलण्याची परीक्षा होत नाही. पण कारण समजायला चूल पुरते. मातीतलं पाणी उडेपर्यंत तापमान शंभराच्या आसपास अडतं. मग कोरडी माती उष्णता हळूहळू आत नेते. आणि लिपलेल्या कमच्यांना हवा मिळत नाही. म्हणजे ज्वलनशील वस्तू आत आणि आगीला अडवणारं कवच बाहेर. आज काँक्रीटच्या इमारतीत लोखंडी तुळईवर आगरोधक लेप मारतात त्यामागेही हीच कल्पना आहे. आमच्याकडे तिला ‘लिपणं’ म्हणतात.

कागदावरची वर्गवारी

मग लिपलेल्या कुडाला सरकारी कागदावर काय म्हणतात? जनगणनेत घराच्या भिंतीचं सामान नोंदवतात. विटा, दगड, काँक्रीट, पत्रा, अॅस्बेस्टॉस हे सगळं ‘कायमस्वरूपी’. माती, कच्च्या विटा, लाकूड, बांबू, गवत, प्लास्टिक हे ‘तात्पुरतं’. म्हणजे मातीने लिपलेली भिंत आणि ताडपत्रीचं पाल एकाच मोठ्या खान्यात, आणि उन्हाळ्यात भाजून काढणारा पत्रा पक्क्या खान्यात. ही वर्गवारी आगीसाठी केलेलीच नाही. पण आपण ‘पक्कं’ म्हणजे सुरक्षित आणि ‘कच्चं’ म्हणजे जळणारं असा अर्थ तिच्यात भरून टाकला. घरकुलही याच खान्यांवरून मिळतं. घर कच्चं असेल तर २०२१ मध्ये साध्या भागात एक लाख वीस हजार, दुर्गम भागात एक लाख तीस हजार रुपये मिळत, पक्कं बांधायला.

बांबूवर कागदाने अन्याय होण्याची ही पहिली वेळ नाही. वनस्पतिशास्त्रात तो गवत. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ‘झाडा’च्या व्याख्येत बांबू घातलेला होता. त्यामुळे तो तोडायला, न्यायला परवाना. घराच्या डागडुजीला लागणारा बांबू निस्तारात मागायचा. दुसरीकडे, १९४५ ला स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे याच जंगलांतला बांबू ट्रक भरभरून जात होता. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने हा कागद बदलायला लावला. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ नाही हे कायद्यात यायला २०१७ साल उजाडावं लागलं.

इमारतींच्या कागदातही तो उशिराच आला. राष्ट्रीय बांधकाम संहिता पहिल्यांदा १९७० मध्ये निघाली. तिच्यात बांबूसाठी स्वतंत्र विभाग आला तो २००५ च्या आवृत्तीत. ज्या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या भिंती उभ्या आहेत, तिथल्या इंजिनिअरला पुस्तकात बांबू भेटायला पस्तीस वर्षं लागली.

भंडारा

चिचपल्लीच्या आगीच्या सत्तेचाळीस दिवस आधी, ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. दहा बाळं गेली, त्यातली बहुतेक धुराने गुदमरून. ती इमारत बांबूची नव्हती. भिंती उभ्याच राहिल्या. काँक्रीटचं रेटिंग त्या रात्रीही पास झालं असतं.

त्या दिवशीही आमच्या ग्रुपवर बातमी आली होती. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, यंत्रणेला शिव्या दिल्या. पण ‘काँक्रीटची बिल्डिंग, दुसरं काय होणार’ असं कुणी लिहिलं नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला आग लागली, ७२ माणसं गेली. तिथेही काँक्रीटचा सांगाडा उभा होता. आग चढली ती बाहेरून लावलेल्या, आत पॉलिथिलीन भरलेल्या चकचकीत पॅनेलवरून.

पक्क्या घरात आग लागली की आपण कारण शोधतो. वायर, यंत्र, पॅनेल, बंद दार, झोपलेला माणूस. बांबूला लागली की कारण शोधायची गरजच वाटत नाही, सामानच गुन्हेगार ठरतं. मला त्या वर्गवारीच्या इतिहासातून एवढंच मिळालं: सामानाला दोष देणं ही चौकशी संपवण्याची सगळ्यात सोपी रीत आहे.

कुणाचे हात

इथपर्यंत आलो तेव्हा मला वाटलं, मी वाद जिंकला. मामाला चुलीवरचा तट्टा दाखवला, आकडे सांगितले. त्याने शांतपणे ऐकलं आणि त्या निसटलेल्या कोपऱ्याकडे बोट केलं.

“हे कोण लिपणार? तुझी आजी? अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली ते. तुझी मामी दिवसभर धानाच्या बांधीत. तू येशील का पुण्याहून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुडाच्या भिंतीचं रेटिंग एकदा शिक्का मारून मिळत नाही. पावसाळ्यात माती सुटते, उंदीर पोखरतात, कोपरे उघडे पडतात. दरवर्षी पाऊस संपला की लिपायचं, पोतायचं. हे काम माझ्या पाहण्यात कायम बायकांनीच केलं आहे, आणि आम्ही त्याला दिवाळीची साफसफाई समजत आलो. खरं तर ते घराच्या आगरोधकतेचं वार्षिक मेंटेनन्स होतं, बिनपगारी. ते हात थांबले की लिपलेला बांबू पुन्हा उघडा बांबू होतो. मामाला काँक्रीट हवं होतं ते बांबूला घाबरून नाही. आगीचा धडा त्याने फक्त पुढे केला होता.

घरकुल झालं. पुढच्या दोन खोल्या पाडल्या, तिथे विटा, सिमेंट आणि स्लॅब आले. दुपारी त्या खोलीत पंख्याखालीही बसवत नाही, पण पावसाळ्यात मामी निवांत झोपते, आणि त्या झोपेची किंमत मी पुण्यात बसून ठरवू शकत नाही. मागची स्वयंपाकाची खोली आजीने पाडू दिली नाही. चूल तिथेच आहे.

आता मी दरवर्षी दिवाळीआधी चार दिवस सुट्टी टाकतो. माती चाळतो, तणस कापून घालतो, शेण कालवतो. पहिल्या वर्षी माझा गिलावा दुसऱ्याच दिवशी पापडासारखा सुटला. आजी जवळ आली, ओलं बोट फिरवून म्हणाली, “पहिले भिंत भिजव बाबू. कोरडीला माती धरत नाही.”

मग तिने चुलीमागचा कोपरा माझ्या हातून काढून घेतला आणि स्वतः लिपला. तो अजून ती मला देत नाही.